आन्टीचे थकलेले काउबॉय

भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा आन्टीने मला नोकरी कुठे करतेस ते विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. दार उघडलं, चष्म्यावरून मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पिक्चर चालू असताना बोलतेस का तू?"

"नाही," मी म्हटलं.

"मधेच उठून पाणीबिणी प्यायला जातेस?"

"नाही."

"मग ये आत. बॅग ठेव तिथे. तोंड सुकलंय तुझं, आधी जेवून घे."

एवढ्यावर माझा ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगचा मुक्काम ठरला, सिडनीच्या खाली समुद्रकाठी. घर टेकडीच्या उतारावर होतं, लाल विटांचं, बैठं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या छपरावरून समुद्राची एक निळी पट्टी दिसायची आणि मान जरा वळवली की पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याची धुराडी. बैठकीच्या खोलीत जवळजवळ भिंतीएवढा टीव्ही होता. त्याच्या बरोबर समोर, सोफ्याच्या वर, येशूची तसबीर. पूर्वी म्हणे ती तसबीर टीव्हीच्या वर होती. मग तिनेच ती काढून समोर लावली. "बिचाऱ्याला इतकी वर्षं नुसता आवाज येत होता," ती म्हणाली.

ती मूळची वसईची, कॅथलिक. मुंबईत नर्सिंग शिकली, लग्न करून सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे आली आणि इथल्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात रिटायर होईपर्यंत राहिली. नवरा कारखान्यात होता, मी यायच्या आधीच वारला होता. त्याच्याबद्दल ती एकच वाक्य बोलायची. "माणूस चांगला होता, पण पिक्चरमध्ये झोपायचा." मी पहिल्यांदा तिला "अहो आन्टी" म्हटलं तेव्हा ती वैतागली. "अहो-जाहो डॉक्टर लोकांना करून झालं आयुष्यभर. मला नको. तू म्हण." मला ती बाय म्हणायची. वसईच्या बोलण्यात मुलींना म्हणतात तसं, पण तिच्या तोंडून मला ते माझं नाव असल्यासारखं वाटायचं.

तर पिक्चर. तिला एकाच जातीचे पिक्चर आवडायचे. अमेरिकेतले, घोड्यांचे, वेस्टर्न. त्यातही सगळे नाहीत. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून साठच्या दशकात थोडं पुढपर्यंतचे, एवढेच. मी एकदा विचारलं की तेवढेच का? तिचं उत्तर तयार होतं. "त्याच्या आधीचे हिरो शर्टाला इस्त्री करून यायचे. त्याच्या नंतरचे आंघोळच करत नाय. मधले तेवढे माणसं आहेत."

हे मधले हिरो तोवर वयाने वाढले होते. पोट सुटलेलं, डोळ्यांखाली पिशव्या. पिक्चर रंगीत झालेले, पडदा लांबच्या लांब रुंद, आणि त्या रुंदीत हा एकटा थकलेला माणूस. आन्टीला तो थकवा फार आवडायचा. हाडांच्या वॉर्डातली नजर. हिरो घोड्यावरून उतरला की ती पुढे वाकायची. "बघ, डावा पाय आधी टेकत नाय. हिप गेलीय त्याची. अॅक्टिंग नाय ती, खरं दुखतंय." कुणाला खांद्यात गोळी लागली आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिरावर बसला की मात्र तिचा संताप व्हायचा. "ताप कुठाय? ताप यायला पाहिजे! पू होणार आहे त्यात!" पिक्चर चालू असताना बोलायचं नाही हा नियम, हे मला लवकरच कळलं, फक्त माझ्यासाठी होता. ती स्वतः पहिल्या टापेपासून शेवटच्या अक्षरांपर्यंत बोलायची.

शनिवारची आर्वो, म्हणजे इथल्या बोलीत दुपार, पिक्चरची. जेवणात भात आणि माशाचं लालभडक कालवण. मग पडदे ओढायचे. मग दोघींचे फोन बंद करून पावाच्या डब्यात ठेवायचे आणि वर झाकण लावायचं. पहिल्या शनिवारी माझा हात डब्याशी जाऊन थांबला. माझा फोन त्या दिवसांत सारखा वाजायचा आणि मी तो सारखा उचलायचे. आन्टी डबा उघडा धरून उभी राहिली फक्त. मी फोन आत टाकला. दोन तास मी कुणालाच सापडणार नव्हते. पडद्यावर काय झालं ते मला त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण त्या अंधारात मी पाय वर घेऊन बसले होते, आणि पिक्चर संपल्यावर लक्षात आलं की कितीतरी महिन्यांनी माझे खांदे खाली आले होते.

कधीकधी तिची एक मैत्रीण यायची. वॉर्डात तिच्याबरोबर काम केलेली, इथल्या मूळच्या आदिवासी समाजातली, पांढऱ्या केसांची, हसताना सगळी हलणारी बाई. ती दारातूनच इंग्लिशमध्ये विचारायची, "आज पण आमचेच लोक हरणार का?" पडद्यावरच्या अमेरिकन आदिवासींनाही ती आपलेच धरायची.

"हरणार," आन्टी प्रामाणिकपणे सांगायची. "पण आजच्या पिक्चरमध्ये एकाला त्याची लाज वाटते."

"लाज वाटायला किती वेळ लावतो?"

"दीड तास."

"मग मला एक चहा दे," मैत्रीण म्हणायची आणि बसायची. त्या दोघी एकाच सोफ्यावर बसून विरुद्ध बाजूंचे मेलेले लोक मोजायच्या आणि शेवटी एकमेकींना बिस्किटं द्यायच्या. मला आधी हे विचित्र वाटायचं. मग एकदा मैत्रीण गेल्यावर आन्टी म्हणाली, "जुन्या पिक्चरमध्ये कुणी विचारतच नाय की ही जमीन कुणाची. मारलं की संपलं. हे मधल्या काळातले लोक, त्यांना झोप लागेनाशी झालेली दिसते. पुरेसं नाय ते. ती बोलते ते खरंच आहे. पण सुरुवात तर झाली."

घराबाहेरही तिच्या वागण्यात ते पिक्चर होतेच. तिच्या जुन्या निळ्या गाडीला ती घोडा म्हणायची आणि चढावर पायी जाणाराही पुढे जाईल इतक्या सावकाश चालवायची. "दमतो तो." कुणीही घरी आलं, गॅसचं मीटर बघणारा असो की चर्चचे फादर, तर त्याने काही खाल्ल्याप्यायल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. याला ती "घोड्याला पाणी आधी" म्हणायची. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने त्या तरुण सर्जनला गंभीरपणे विचारलं, "नंतर मी घोड्यावर बसू शकेन का?" तो म्हणाला, तीन-चार महिन्यांनी हरकत नाही, पूर्वी किती रायडिंग करायचात? ती म्हणाली, "कधीच नाय. पण दार बंद झालंय की अजून उघडं आहे, ते कळलेलं बरं असतं." त्या बिचाऱ्याने फाइलीत काय लिहिलं कोण जाणे.

आणि कॅफेत गेलो की ती नेहमी भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी बसायची. गंमत अशी की मलाही तीच खुर्ची हवी असायची. दोनदा आमची त्या खुर्चीवरून हलकीशी झटापट झाली. तिसऱ्यांदा तिने खुर्ची मला दिली, स्वतः समोर बसली आणि मेनू बघत बघत म्हणाली, "माझं पिक्चरचं वेड आहे. तुझं काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि दोन स्कोन मागवले.

काही नाही म्हणजे काय होतं ते सांगते. माझा नवरा सिडनीत, टूनगॅबीला राहायचा. आम्ही दोघं पुण्याचे, दोघं आयटीतले. व्हिसा त्याच्या नावावर, मी त्याच्यावर अवलंबून. त्याने कधी हात उगारला नाही. म्हणूनच मला बरीच वर्षं कळलं नाही की याला काही नाव आहे. मी कुठे आहे ते त्याला फोनवर दिसायचं. स्टेशनवरून घरी यायला उशीर झाला की का झाला ते सांगावं लागायचं, आणि सांगितलेलं त्याला पटलं नाही की तो दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही. आईशी फोनवर बोलताना तो शेजारी बसायचा. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात. एके दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी कपाटाची किल्ली शोधली, पासपोर्ट घेतला, एक बॅग भरली आणि समुद्राकाठच्या ट्रेनमध्ये बसले. आमच्या कंपनीचं एक छोटं ऑफिस वॉलॉंगॉंगला होतं, तिथे बदली मागून ठेवली होती. एवढंच माझं धाडस. त्यानंतरही त्याचे फोन मी उचलत होतेच. न उचलता येतं हेच मला माहीत नव्हतं.

हे सगळं मी आन्टीला सांगितलं ते तिच्या ऑपरेशननंतर, तिला मोजे घालून देताना. खाली बघत सांगायला सोपं गेलं. दुसरा मोजा झाल्यावर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "फोन पावाच्या डब्यात राहू दे आता. रोज."

मी उचलेनाशी झाले, म्हणून मग तो आला. मी कुठे राहते ते त्याला फोनवर केव्हाच दिसलं होतं.

रविवारची सकाळ होती. आन्टीला चर्चमध्ये मासला जाता येत नव्हतं म्हणून ती व्हरांड्यात वॉकर समोर ठेवून घुश्शात बसली होती. दारात गाडी थांबली. तो उतरला, आणि मागून त्याचे काका-काकू. हे दोघं सिडनीत कित्येक वर्षं राहिलेले, गणपतीत पुढे बसणारे, सगळ्यांना ओळखणारे. काकूंच्या हातात मिठाईचा बॉक्स. मला जर तो एकटा, चिडलेला आला असता तर कदाचित पोलिसांना फोन करायचं सुचलं असतं. मिठाई घेऊन आलेल्या माणसांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"बसा," आन्टी म्हणाली. "बाय, चहा टाक."

मी चहा आणला. काका बोलायला लागले. "आम्ही काय तुझ्या वाईटावर आहोत का? परदेशात आपली माणसं किती असतात? घरातली गोष्ट घरात मिटवायची." काकू म्हणाल्या, "संसारात थोडंफार चालायचंच गं. तो तुझ्यावर जीव टाकतो. दोन महिन्यांत बघ कसा झालाय." तो खरंच वाळला होता. मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं त्याच्या ओळखीचं होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "चल. बॅग भर. तमाशा नको. आणि व्हिसाचं काय करणार आहेस? मी एक ईमेल टाकला की संपलं."

एवढा सगळा वेळ आन्टी चहा पीत होती. बोलली नाही, मान हलवली नाही. तिघांचं बोलणं संपलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा संपलं. ती गप्प. तिच्या गप्प बसण्यापुढे त्यांची वाक्यं हळूहळू आखूड होत गेली, आणि मग काकांनी उगाच बागेतल्या लिंबाचं कौतुक केलं.

तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"चहा झाला सगळ्यांचा?"

"हो, हो. छान होता."

"बाय, तुला जायचंय?"

मी म्हटलं, "नाही." पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्याने बोल. मला कमी ऐकू येतं."

तिला पलीकडच्या गल्लीतला कुत्रा ऐकू यायचा. मी म्हटलं, "नाही. मला नाही जायचं."

"झालं," ती त्यांना म्हणाली. "तुम्ही विचारायला आलात. तिने सांगितलं."

तो उठला. "तिला काही कळत नाही आत्ता. मीच भरतो बॅग," म्हणून दाराकडे निघाला. आणि आन्टी उठली. ऑपरेशनला दोनच आठवडे झाले होते, उठताना तिला माझा हात लागायचा. त्या दिवशी ती वॉकरवर जोर देऊन एकटी उठली, दोन पावलं सरकली आणि दाराच्या चौकटीत वॉकर आडवा लावून उभी राहिली. त्याच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती ती.

"हा गुडघा नवीन आहे," ती शांतपणे म्हणाली. "तू ढकललंस तर मी पडणार. पडले की अँब्युलन्स येणार, पोलीस येणार. मी त्या हॉस्पिटलात जन्म काढलाय, तिथे मला सगळे ओळखतात. तुला कुणी ओळखत नाय. आता बघ बाबा, तुला काय करायचं ते."

तो उभा राहिला. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला खरंच सांगता येईना की तो काय करील. काका बागेकडे बघत होते. शेवटी काकूच उठल्या. त्याच्या बाहीला धरून म्हणाल्या, "चल रे. चल म्हणते ना." पायऱ्या उतरताना त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते मी आजवर ठरवू शकलेले नाही.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आन्टी तशीच उभी होती. मग म्हणाली, "धर मला. पटकन." मी तिला खुर्चीत बसवलं. तिचे हात इतके कापत होते की मांडीवर ठेवलेले असूनही उडत होते.

"तुला भीती वाटली?"

"मग? मला वाटलं ढकलतोच आता." ती म्हणाली. "आधीच्या पिक्चरमध्ये हिरोला भीती वाटत नाय. म्हणून तर मी ते बघत नाय. या माझ्या म्हाताऱ्यांना वाटते. नीट बघितलं की दिसतं. घोड्याच्या मागे उभे राहून हात पुसतात." मग थोडी सावरल्यावर मिठाईच्या बॉक्सकडे बोट दाखवलं. "उघड तो. त्याच्यावर कसला राग?"

काजूकतली होती. आम्ही दोघींनी ती व्हरांड्यात बसून निम्मी संपवली, आणि खाता खाता मला रडू फुटलं तेव्हा ती माझ्या पाठीवरून कापऱ्या हाताने थोपटत राहिली.

पुढचं सगळं व्हिसाचं आणि वकिलांचं. फुकट सल्ला देणाऱ्या एका वकील बाईकडे आन्टी वॉकर घेऊन माझ्याबरोबर आली. एका ईमेलने काही संपत नसतं, माझ्यासारख्यांसाठी कायद्यात वेगळी वाट आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. वेळ लागला, बराच लागला, पण शेवटी माझ्या स्वतःच्या नावावर मला या देशात राहायला मिळालं. आज मी मेलबर्नला, पॉइंट कुकला राहते. दुसरं लग्न केलंय, माणूस बोलतो फार पण ऐकतोही. आन्टी आमच्या लग्नाला आली होती आणि त्याला तिने एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न काय असेल हे मी आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेत, तिच्या घरात.

पण तिची आठवण निघाली की मला डोळ्यांसमोर दिसतं ते वॉलॉंगॉंग नाही. राहायची परवानगी हातात आली त्या आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "आन्टी, तुला काय देऊ?" ती म्हणाली, "मला पश्चिमेला ने." इतकी वर्षं या देशात राहून ती समुद्रकाठ सोडून आत कधी गेलीच नव्हती. आम्ही तिच्या घोड्याला विश्रांती दिली, माझी गाडी काढली, डोंगर ओलांडून दोन दिवस आत आत गेलो. झाडं विरळ झाली, घरं संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे फक्त सपाट लाल जमीन आणि आभाळ उरलं. तिने मला गाडी थांबवायला सांगितली. काठी टेकत खाली उतरली, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "माशा फार आहेत. पिक्चरमध्ये माशा दाखवत नाय."

मी पाण्याची बाटली दिली ती तिच्या हातातच राहिली.

"वसईला आमच्या घरात अकरा माणसं," ती म्हणाली. "पाय लांब केला की कुणाला तरी लागायचा. नर्सिंगला असताना मैत्रिणी मॉर्निंग शोला घेऊन गेल्या. पहिल्यांदा बघितली एवढी रिकामी जागा. मी रडले गं. सगळ्या हसल्या मला." मग म्हणाली, "मोठी बहीण होती मला. लग्न करून दिलं होतं लांब. एकदा ती आली. सांगून नाय, अशीच. केळीच्या वाडीच्या वाटेने चालत. हातात काही नाय, पायात काही नाय. मी लांबून ओळखलं. दुसऱ्या दिवशी सासरचे आले, व्हरांड्यात बसले, चांगलं बोलले. चहा मी केला होता. संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर गेली. आम्ही सगळे उभे होतो. कुणी काही बोललं नाय." तिने डोळे पुसले नाहीत. "वर्षभरात गेली ती."

ती म्हणाली, "बाय, एक करशील? जरा लांब जा. जा अशी समोर. मी सांगते तेव्हा परत ये."

मी चालत गेले. काट्याकुट्यांतून, त्या लाल मातीतून, मागे न बघता. तिची हाक आली तेव्हा वळले. गाडी खेळण्याएवढी दिसत होती आणि तिच्या शेजारी ती, एक बारीक रेघ. मी चालायला लागले. ऊन डोळ्यांवर होतं. ती कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत होती. मी अर्ध्यावर आले तेव्हा दिसलं की ती गाडी सोडून पुढे यायला लागलीय. मी ओरडले, "आन्टी, थांब, जमीन नीट नाहीये!" ती थांबली नाही. काठी टेकत, नव्या गुडघ्यावर, खड्डे चुकवत ती चालत आली आणि मी पोचायच्या आधी तीच माझ्यापर्यंत पोचली. माझे दोन्ही हात तिने घट्ट धरले.

"आलीस?" ती म्हणाली. "बरं केलंस, आलीस ते."